मेणाचं बूच

माझं काम काचेच्या नळ्यांचं.
नळीत चमचाभर दूध, त्यावर वितळलेलं मेण,
मग सात दिवस उबेत.
मेण जागचं हललं नाही, तर दूध चांगलं.
वर सरकलं, तर समजायचं
खाली कुणीतरी श्वास घेतंय.

ऑरिन टीबोच्या नळ्यांत मेण नेहमी वर.
त्याच्या दुधाचं चीज तळघरात
पाचव्या महिन्यात फुगायचं, पोटाशी तडकायचं.
एका हिवाळ्यात चाळीस चाकं डुकरांना घातली.
दोष गाईंचा नव्हता, मुरघासाचा होता.
ओल्या गवताच्या काळोखात जे तग धरतं
ते शेणातून सडांवर, सडांवरून बादलीत.
हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं.
"म्हणजे उन्हात वाळवायचं," तो म्हणाला. "व्हरमाँटमध्ये."
आणि आम्ही दोघांनी खिडकीबाहेर बघितलं.

एप्रिलमध्ये खड्ड्यावरचे टायर काढले.
दोनशे सहा. प्रत्येकात साचलेलं पाणी,
एकात बेडूक.
लॉरेन मोजत होती,
कारण टायर टाकून यायला नगामागे तीन डॉलर पडतात.

जूनमध्ये आभाळाकडे तीन दिवस मागायचे असतात.
दोन मिळाले.
तिसऱ्या दुपारी ढग डोंगराच्या खांद्यावर येऊन बसला,
आणि ऑरिन मूठभर गवत कानाशी धरून पिळत राहिला.
मोडलं तर आवाज येतो. नुसतं वाकलं तर येत नाही.
त्या नेमक्या घडीसाठी त्याच्याकडे शब्द नव्हता.
माझ्या मामाकडे होता: वाफसा.
तो मातीचा, पेरणीआधीचा.
मी तो गवताला देऊन टाकला, कुणाला न विचारता.
ऑरिनने त्याचा 'वापसा' केला.
चालतं. आमच्याकडेही निम्मं गाव तसंच म्हणतं.

त्याच्या आजोबांचा गोठा ओल्या गवताने जाळला होता.
वीज पडली नाही, कुणी काडी ओढली नाही.
गवत आपल्याच उबेने आतून पेटलं,
रचल्यावर तिसऱ्या आठवड्यात, पहाटे.
म्हणून ऑरिन रोज संध्याकाळी गंजीत हात घालतो
कोपरापर्यंत,
अडलेल्या गाईला सोडवताना घालावा तसा.
आता गंजीखाली पंखा आहे.
पत्र्याची तापलेली हवा ओढून गवतात फुंकतो,
रात्रभर घुमतो.
लॉरेन म्हणते, थांबला की जाग येते.

गाईंनी आठवडाभर तोंड फिरवलं.
हेझल तर कुंपणाशी उभी राहून
रिकाम्या खड्ड्याकडे बघत हंबरायची.
गाईमागे तीन लिटर दूध उतरलं.
शेजारचा एमोस पिकरिंग म्हणाला, "मागे चाललायस."
"हो," ऑरिन म्हणाला, "गवत मागेच राहिलं होतं."
आणि गव्हाण भरत राहिला.

मग हळूहळू, नक्की कधी ते सांगता येणार नाही,
गोठ्याला चहाचा डबा उघडल्यासारखा वास यायला लागला.
लॉरेन कोट न बदलता दुकानात जाऊ लागली.
रांगेत तिच्या मागे उभं राहायला आता कुणी कचरत नाही.

सप्टेंबरमध्ये नऊ नळ्या लावल्या.
आठांचं मेण तसंच, थंड, सपाट.
नववीचं नखभर वर.
मी फोन केला. पलीकडे आधी नुसता पंखा.
मग तो म्हणाला,
"प्लास्टिकमधली एक गासडी मागे ठेवली होती.
कुणाला सांगितलं नव्हतं. लॉरेनलाही नाही.
हेझलला दिली. दोनदा.
फार बघायची माझ्याकडे."

नोंदवहीत आकडे भरले.
कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं थोडा वेळ,
मग लिहिलं:
हेझल.